समूहगानासाठी माइक कुठे: ऑम्नींची जोडी की ओआरटीएफ?

गायकांच्या चार रांगा, समोर एक उंच स्टँड आणि दोन चांगले माइक. एवढंच हाताशी असेल तर निवड बहुतेक वेळा दोनच पद्धतींवर येऊन थांबते. एक म्हणजे ४० ते ६० सेंटीमीटर अंतरावर समांतर लावलेले दोन ऑम्नी (सगळ्या दिशांनी सारखं ऐकणारे माइक), अर्थात एबी. दुसरी कार्डिऑइडची (मुख्यतः समोरून ऐकणाऱ्या माइकची) जोडी, मध्ये १७ सेंटीमीटर अंतर आणि ११० अंशांचा कोन, म्हणजे ओआरटीएफ. एक्सवाय, म्हणजे एकाच जागी ठेवून डावी-उजवीकडे वळवलेले दोन माइक, मी इथे धरत नाही. मोनोसाठी ती निर्धोक आहे, पण त्यात अख्खा समूह मधोमध गोळा झाल्यासारखा ऐकू येतो.

आधी ऑम्नींच्या बाजूने बोलू, कारण ती बाजू खरोखर भक्कम आहे. बास गायकांच्या आवाजाला जी भरीव बैठक ऑम्नीत मिळते, ती कार्डिऑइडला लांबून पकडता येत नाही. कार्डिऑइडचं कॅप्सूल (माइकचं आवाज पकडणारं टोक) प्रेशर ग्रेडियंट, म्हणजे पुढच्या-मागच्या दाबातल्या फरकावर चालणारं असतं आणि ते अंतरावर खालचे स्वर सोडतंच. सोबत पाइप ऑर्गन असेल तर फरक लगेच कळतो. सोळा फुटी पाइपचा सर्वांत खालचा सी साधारण ३३ हर्ट्झचा असतो आणि तो ऑम्नीत सहज उतरतो. सभागृहाची गुंजही ऑम्नीत गोड येते, कारण बाजूने आणि मागून येणाऱ्या आवाजाचा रंग फारसा बदलत नाही. झुळकीचा आणि स्टँडच्या थरथरीचा त्रासही कमी.

तरीही बहुतेक कामांत माझा हात ओआरटीएफच्या बारकडे (दोन्ही माइक धरणाऱ्या आडव्या पट्टीकडे) जातो, त्याचं कारण एकच: पहिल्या रांगेतला सुटा आवाज. समूह एकजीव गात असतो आणि मधल्याच कुणा एकीचा ‘स’ किंवा कंप सगळ्यांच्या पुढे येऊन उभा राहतो. एकदा तो कानात बसला की पुढचं गाणं ऐकूच येत नाही. मिक्सिंगमध्ये यावर उपाय नाही. इक्वलायझरने तो ‘स’ दाबला तर सगळ्यांचीच व्यंजनं बोथट होतात.

हे अंतरामुळे होतं. ऑम्नी चहूबाजूंनी गुंज घेतो, म्हणून शब्द स्पष्ट हवे असतील तर त्याला जवळ न्यावंच लागतं. कार्डिऑइड कागदावर १.७ पट लांब ठेवता येतो. ओआरटीएफमध्ये दोन्ही माइक बाहेर वळलेले असल्यामुळे मी सुमारे दीडपट धरतो. आता सहा मीटर रुंद पहिली रांग घ्या, गायकांचं तोंड १.६ मीटर उंचीवर. ऑम्नी ३ मीटर उंच आणि रांगेपासून दीड मीटर पुढे असतील, तर मधली गायिका माइकपासून जेमतेम २ मीटरवर येते आणि टोकाची ३.६ मीटरवर. म्हणजे एकाच रांगेत ५ डेसिबलचा फरक. ओआरटीएफ ३.३ मीटर उंच आणि २.६ मीटर पुढे ठेवली की तीच अंतरं ३.१ आणि ४.३ मीटर होतात, फरक ३ डेसिबलच्या आत येतो. शिवाय या जागेवरून रांगेची टोकं दोन्हीकडे ४९ अंशांवर दिसतात आणि ओआरटीएफचा रेकॉर्डिंग कोन, म्हणजे दोन स्पीकरांमधली जागा पूर्ण भरणारा समोरचा पट्टा, आहे एकूण सुमारे ९६ अंश. त्यामुळे समूह दोन स्पीकरांमध्ये काठोकाठ बसतो. गायक अर्धवर्तुळात उभे राहिले तर ऑम्नींची ही अडचण बरीच हलकी होते, पण पायऱ्यांवरच्या सरळ रांगा वळवणं दर वेळी आपल्या हातात नसतं.

तपासायला सोपी युक्ती आहे. सगळ्यांना एका स्वरात अर्धा मिनिट ‘आ’ लावायला सांगा आणि हेडफोनवर ऐका. एखाद्या गायकाकडे बोट दाखवता आलं तर स्टँड अर्धा मीटर मागे घ्या आणि पुन्हा ऐका. उंची मात्र कमी करू नका, नाहीतर मागच्या रांगा पुढच्यांच्या डोक्याआड जातात.

मोनोचा मुद्दाही लक्षात घ्यावा, कारण बरेच जण फोनच्या एकाच स्पीकरवर ऐकतात. ५० सेंटीमीटरच्या एबीत टोकाच्या गायकाचा आवाज दोन माइकपर्यंत साधारण १.३ मिलिसेकंदांच्या फरकाने पोचतो. दोन्ही चॅनेल एकत्र केले की त्याच्या आवाजात ३८५ हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, अगदी गाण्याच्या पट्टीत. ओआरटीएफमध्ये पहिला खड्डा १३०० हर्ट्झच्या वर जातो आणि दोन माइकच्या पातळ्या वेगळ्या असल्यामुळे उथळही राहतो.

लावताना चुका होतात त्या बारवर. १७ सेंटीमीटर हे कॅप्सूलपासून कॅप्सूलपर्यंत मोजायचं, क्लिपपासून क्लिपपर्यंत नाही. माइक दहा सेंटीमीटरहून लांब असले तर त्यांच्या शेपट्या मध्ये एकमेकींवर आदळतात. अशा वेळी एक माइक दुसऱ्याच्या वर घ्या, कॅप्सूल जवळजवळ एका पातळीत ठेवा. बार किंचित तिरका राहिला तरी समूह एका बाजूला कलतो. दोन्ही चॅनेलचा गेन (आवाज वाढवण्याचं प्रमाण) सारखाच हवा आणि तालमीतल्या सर्वांत जोरकस ओळीला शिखर उणे १२ डेसिबलच्या खाली राहावं.

खालच्या स्वरांची उणीव उरतेच, ती नाकारण्यात अर्थ नाही. दोन ऑम्नी जास्तीचे असतील तर ओआरटीएफच्या दोन्ही बाजूंना दीड-दोन मीटरवर लावून मुख्य जोडीपेक्षा ६ ते १० डेसिबल खाली मिसळावेत. नसतील तर १२० हर्ट्झखाली एक-दोन डेसिबलचा शेल्फ, म्हणजे इक्वलायझरने त्याखालचा सगळा पट्टा उचलणं, पुरतो. त्याहून जास्त उचललं तर वातानुकूलनाची घरघर वर येते. बारा-पंधरा गायकांचा समूह, शांत आणि सुरेल सभागृह, मोकळं अर्धवर्तुळ अशी जागा मिळाली तर मात्र बेलाशक ऑम्नी लावा.

सराउंडमध्ये, म्हणजे मधला आणि मागचे स्पीकरही असतील तेव्हा, डेका ट्रीचा मोह होतो. १९५०च्या दशकात वाद्यवृंदासाठी घडलेली ही मांडणी: डावा-उजवा माइक सुमारे २ मीटर अंतरावर आणि मधला त्यांच्या दीड मीटर पुढे. समूहगानात मात्र तो मधला माइक थेट पहिल्या रांगेच्या डोक्यावर येतो आणि सुट्या आवाजाची जुनी तक्रार परत उभी राहते. ओसीटी या तीन माइकच्याच दुसऱ्या मांडणीत मधला कार्डिऑइड फक्त ८ सेंटीमीटर पुढे असतो, बाजूचे सुपरकार्डिऑइड (कार्डिऑइडपेक्षा अरुंद ऐकणारे) ४० ते ९० सेंटीमीटर अंतरावर, पूर्ण बाहेर तोंड करून. मधला स्पीकर खरोखर वापरायचा असेल तर मला तीच जास्त पटते. अट एवढीच की बाजूच्या माइकचा तिरका आवाज स्वच्छ हवा, कारण समूहाचा बराच भाग ते तिरकाच ऐकतात.

मागच्या स्पीकरांना सभागृहाची गुंज देणाऱ्या माइकसाठी आयआरटी क्रॉस ही मांडणी आटोपशीर आहे: चार कार्डिऑइड, २० ते २५ सेंटीमीटरचा चौकोन, एकच स्टँड. पण त्यातले दोन माइक मंचाकडे ४५ अंशांत वळलेले असतात. मुख्य जोडीच्या दहा मीटर मागे तो लावला की समूहाचा ‘स’ तिथे २९ मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि स्पीकरची पातळी जरा वर गेली की व्यंजनं मागून टोचायला लागतात. हामासाकी चौकोन या दुसऱ्या मांडणीत दोन-तीन मीटरच्या चौकटीत चार फिगर-एट (पुढून-मागून ऐकणारे, बाजूंनी बहिरे माइक) असतात, कान बाजूच्या भिंतींकडे आणि बहिरी बाजू मंचाकडे. मंचावरचा थेट आवाज वगळला जातो आणि उरते ती भिंतींची गुंज. मागे असा चौकोन असला की पुढची ओआरटीएफ किती कोरडी ठेवायची हे गुंजेची काळजी न करता ठरवता येतं. चार फिगर-एट नसतील तर दोनच घ्या, अडीच मीटर अंतरावर, शक्य तितके उंच, आणि थेट मागच्या दोन स्पीकरांना द्या. लावून झाल्यावर मंचावरून टाळी वाजवून घ्या आणि ती सर्वांत क्षीण होईपर्यंत दोन्ही माइक उभ्या अक्षाभोवती थोडे थोडे फिरवा.