मंदीत माणसं काढायची की तास कमी करायचे?

मागणी आटली की मालकापुढे ढोबळमानाने दोन वाटा उरतात. अमेरिकेत बहुतेकदा माणसं काढतात. ऑक्टोबर २००९ मध्ये तिथली बेरोजगारी १० टक्क्यांवर गेली. त्या वर्षी जर्मनीची अर्थव्यवस्था जास्त घसरली, तरी बेरोजगारी फारशी हलली नाही. कारण ‘कुर्त्सआरबाइट’: कामाचे तास कमी, आणि बुडालेल्या निव्वळ पगाराचे ६० टक्के बेरोजगारी विम्यातून, मूल असेल तर ६७. लेथवरचा कारागीर आठवड्यातून तीनच दिवस येतो, पण मशीनचा बदललेला आवाज ओळखणारा कान कारखान्यातच राहतो. ऑर्डरी परतल्या की नवख्यांना शिकवत बसावं लागत नाही. मला हीच वाट पटते. फक्त धंदाच कालबाह्य झाला असेल, तर हे नुसतं दुखणं लांबवणं. तिथे अमेरिकी पद्धत माणसाला लवकर दुसरीकडे ढकलते.