पांढऱ्या ठिपक्यांवर मीठ-हीटर की निळं औषध?

टाकीतल्या एखाद्या माशाच्या शेपटीवर रव्याच्या दाण्याएवढा ठिपका दिसला, की दोन दिवसांत आणखी तिघाचौघांच्या अंगावर तो उमटतो. हा व्हाइट स्पॉट, म्हणजे ‘इक’, हे फिशटँक ठेवणाऱ्याला सांगावं लागत नाही. अडतं ते पुढे: दुकानातलं निळं औषध टाकायचं, की खडे मीठ आणि हीटरवर भागवायचं? पुण्याच्या दोन वेगवेगळ्या हिवाळ्यांत, एकाच १०० लिटरच्या टाकीत, मी दोन्ही केलं आहे. दोन्ही वेळा रोग नव्याने आणलेल्या निऑन टेट्रा माशांबरोबर आला होता.

आधी एक गोष्ट, कारण निवड तिच्यावरच ठरते. ठिपका म्हणजे माशाच्या त्वचेखाली बसलेला परजीवी. तिथे तो असेपर्यंत ना मीठ त्याला मारतं, ना औषध. पोसला की तो सुटून तळाशी पडतो, स्वतःभोवती वेष्टण करतो आणि आतल्या आत विभागत जाऊन त्याची शेकडो पिल्लं होतात. ती मासा शोधत पाण्यात फिरतात, तेवढ्या एक-दोन दिवसांतच ती मारता येतात. म्हणून ठिपकेवाला एकटा मासा वेगळा काढून काही साधत नाही. बाकीची टाकी तशीच राहते. २५ अंशांच्या आसपास हा फेरा साधारण आठवड्याभरात पुरा होतो, थंड पाण्यात मात्र तो कित्येक आठवडे लांबतो.

निळ्या औषधाची बाजू कमी नाही. मिथिलीन ब्लू किंवा मॅलाकाइट ग्रीनचे थेंब मोजून टाकायचे, हीटर असला-नसला तरी चालतं. गोल्डफिशला ३० अंशांचं पाणी सोसत नाही, तिथे हाच मार्ग सोयीचा. फिल्टरमधला कोळसा मात्र आधी काढावा लागतो, नाहीतर तो औषध शोषून घेतो. लोचसारख्या बिनखवल्यांच्या माशांना मॅलाकाइट ग्रीन जड जातं, त्यांच्यासाठी मात्रा निम्मी करतात. मिथिलीन ब्लूने काचेच्या सांध्यांतलं सिलिकॉन कायमचं निळं होतं आणि माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणाऱ्या, फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंनाही फटका बसतो. एवढं सगळं मी चालवून घेतलं असतं.

जे चाललं नाही ते असं: त्या पाण्यात मासेच दिसत नव्हते. तिसऱ्या दिवशी टाकी शाईच्या बाटलीसारखी झाली. बॅटरी लावून पाहिलं तरी निऑनच्या नुसत्या सावल्या दिसायच्या, ठिपके नाहीत. आणि या रोगात सगळा हिशोब शेवटच्या ठिपक्याचा असतो. तो गळल्यावर आणखी किती दिवस उपाय चालू ठेवायचा ते त्यावरून ठरतं. मी बाटलीवर लिहिलेले पाच दिवस मोजले आणि थांबलो. पाणी निवळलं तेव्हा चार माशांवर नवे ठिपके होते. पुन्हा औषध, पुन्हा निळं पाणी, त्यातच अमोनिया वाढला. १२ निऑनपैकी ५ राहिले. माझी मात्रा कमी पडली असेल, हे मी नाकारत नाही. पण ती कमी पडते आहे हे दिसायला तरी हवं होतं.

पुढच्या हिवाळ्यात मीठ. लिटरला २ ग्रॅम म्हणजे २०० ग्रॅम खडे मीठ, टाकीच्याच पाण्यात विरघळवून दीड दिवसात तीन हप्त्यांत घातलं. हीटर रोज दोन-दोन अंशांनी चढवत २४ वरून ३० वर नेला. कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून एअर पंप दिवसरात्र चालू. एक दिवसाआड तळ सायफनने ओढून पाव टाकी पाणी बदललं आणि जेवढं पाणी काढलं तेवढ्याच पाण्याचं मीठ परत घातलं. वाफ होऊन उडालेल्या पाण्याच्या जागी मात्र साधंच पाणी, कारण मीठ उडत नाही. रोज सकाळी चहाच्या आधी टाकीतल्या एकाच एंजल माशाचे ठिपके मोजायचो: १४, ९, ११, ३, मग एकही नाही. तिथून पुढे दहा दिवस मोजले आणि मगच हीटर उतरवला. त्या खेपेला एकही मासा गेला नाही.

किंमत मोजावी लागलीच. कबोंबा ही पाणवनस्पती गळून गेली. टाकीत कोरीडोरास (तळाशी राहणारे छोटे कॅटफिश) असतील तर मी लिटरला १ ग्रॅमवरच थांबेन. वीज गेली की रात्री टाकीवर चादर टाकून बसावं लागे. या परजीवीचे ३० अंशांना न जुमानणारे वाणही असतात, त्यामुळे आठवड्याभरात ठिपके कमी होत नसतील तर हट्ट न धरता औषधाकडे वळावं, असं मला वाटतं. आणि हीटर चढवण्याआधी तोंड नीट पाहा. ओठांवर कापसासारखं पांढरं काही असेल तर तो कॉलम्नॅरिस असू शकतो. तो जिवाणूंचा रोग, ऊबदार पाण्यात झपाट्याने वाढतो.

निळी बाटली अजून माझ्या कपाटात आहे. एंजलने अंडी घातली की वेगळ्या भांड्यात, बुरशी येऊ नये म्हणून, तिचे दोन-चार थेंब लागतात.