केळीच्या घडांची तुलना: स्टुडंट, वेल्च की मॅन-व्हिटनी?

रावेर-यावलकडे केळीवर प्रोजेक्ट करणाऱ्यांपुढे हा प्रश्न येतोच: टिश्यू कल्चरच्या (प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांच्या) बागेतला घड कंदाच्या बागेपेक्षा सरासरीनं खरंच जड भरतो, की दिसणारा फरक निव्वळ योगायोगाचा? हे ठरवणाऱ्या संख्याशास्त्रातल्या चाचण्या तीन आहेत: स्टुडंट, वेल्च आणि मॅन-व्हिटनी. माझं मत आधीच सांगतो, वेल्च घ्या.

स्टुडंटची टी-चाचणी सगळीकडे शिकवतात. गिनेस कंपनीतल्या गॉसेटनं 1908 मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावानं तिचा पाया घातला. तिची अट अशी की दोन्ही गटांतला चढउतार सारखा हवा. शेतात ही अट सहसा टिकत नाही. टिश्यूची रोपं एकसारखी असल्यानं बाग बरोबरीनं निसवते. कंद लहानमोठे, म्हणून घडही मागेपुढे.

समजा, टिश्यूच्या 40 बागा घेतल्या. बागेगणिक घडाचं वजन काढलं, तर त्यांची सरासरी 22 किलो, प्रमाण विचलन (म्हणजे चढउताराचं माप) 2. कंदाच्या बागा 12, सरासरी 20, विचलन 5. स्टुडंटनं टी (चढउताराच्या मानानं फरक किती मोठा, तो आकडा) येतो 2.07, पी-व्हॅल्यू (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगानं एवढा फरक दिसण्याची शक्यता) 0.05 च्या खाली, म्हणजे फरक मान्य. याच आकड्यांवर वेल्चनं टी फक्त 1.35, डिग्रीज ऑफ फ्रीडम (हिशेबाला आधार देणारी स्वतंत्र माहिती) 50 वरून 12 वर येतात आणि फरकाचा पुरावा उरत नाही. स्टुडंट दोन्ही गटांचा चढउतार एकत्र कालवते, त्यात 40 बागांपुढे 12 बागांची अस्थिरता दबून जाते. मोठ्या गटात चढउतार जास्त असेल तर उलटं होतं, खरा फरकसुद्धा निसटतो.

वेल्चची पद्धत 1947 ची. चढउतार सारखा निघाला तरी ती वापरून फारसं काही गमवावं लागत नाही. त्यामुळे आधी विचलनं तपासा, मग चाचणी ठरवा, हा द्राविडी प्राणायाम कशाला? एक्सेलच्या टी.टेस्टमध्ये शेवटी 3 टाका. आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये काही न सांगता वेल्चच चालते.

मॅन-व्हिटनी प्रत्यक्ष आकड्यांवर नाही, त्यांच्या लहान-मोठ्या क्रमावर चालते. मालाला एक-दोन-तीन अशी प्रत दिली असेल तर तीच बरी. पण ती सरासऱ्यांची तुलना करत नाही, तेव्हा तिच्या जोरावर 'सरासरी वजन जास्त' असं लिहू नका.

आणि एकाच बागेतले 40 घड मोजले तर त्या 40 बागा होत नाहीत. पाणी, खत, माती सगळं एकच. एकेका शेतकऱ्याकडे दोन्ही प्रकारची लागवड असेल तर गट स्वतंत्रच राहत नाहीत. तिथं प्रत्येक शेतकऱ्याकडच्या दोन आकड्यांतला फरक घेणारी जोडीची टी-चाचणी लावा.