के-एन, डब्ल्यू-आर आणि माझा पाना: इंग्रजी शब्दकार्डांचा संच

चोपड्यात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. केळी-कपाशीचा पट्टा, त्यामुळे ऊन तापलं की जळालेल्या सबमर्सिबल मोटारींची रांग लागते आणि तार आणायला जळगावच्या फेऱ्या होतात. मार्चमध्ये अशाच एका फेरीत नव्या बस स्टँडजवळच्या पुस्तकांच्या दुकानातून हा संच घेतला. ६० कार्डं, १८० रुपये. मुलगी सातवीत आहे, सेमी इंग्रजीला. स्पेलिंग रात्री पाठ करते, सकाळी विसरते.

या संचात शब्द ए, बी, सी या क्रमानं नाहीत. ज्या शब्दांत सारखी अक्षरं, ते एका कार्डावर, समोर मराठी अर्थ. पहिलंच कार्ड के-एनचं. नाइफ म्हणजे सुरी, नी म्हणजे गुडघा, नॉट म्हणजे गाठ, नीड म्हणजे कणीक मळणं, नॉब म्हणजे मूठ. पोरीनं लगेच विचारलं, "पप्पा, म्हणायचाच नाही तर के लिहायचा कशाला?" उत्तर कार्डाच्या मागे होतं. पूर्वी इंग्रज हा के उच्चारायचे, सतराव्या शतकाच्या सुमाराला तो बोलण्यातून गळाला, लिहिण्यात राहिला. जर्मन माणूस गुडघ्याला आजही 'क्नी' म्हणतो. एवढं कळल्यावर पोरीचा त्या के वरचा राग गेला. शिवाय हा के कामाचाही आहे. 'नॉट' कानाला एकच, पण के असला तर गाठ, नसला तर 'नाही' हा नकार. 'नीड'चं तसंच, के असला तर कणीक मळणं, नसला तर गरज. पंख्याच्या रेग्युलेटरचा नॉब मी वीस वर्षं बिलबुकात के शिवाय लिहीत आलो, आता के घालून लिहितो.

मला सगळ्यात आवडलं ते डब्ल्यू-आरचं कार्ड. रिस्ट म्हणजे मनगट, रिंग म्हणजे ओले कपडे पिळणं, रॅप म्हणजे गुंडाळणं, रिंकल म्हणजे सुरकुती, राँग म्हणजे चूक. मागे लिहिलंय की यातल्या बऱ्याच शब्दांच्या मुळाशी वळणं, पिळणं आहे, राँगचा मूळ अर्थसुद्धा वाकडं. त्या दिवशी पोरगी दुकानात स्टुलावर बसून हे वाचत होती आणि मी एका पंपाचा बोल्ट आवळत होतो. ती एकदम म्हणाली, "पप्पा, तुमचं मनगट फिरतंय बघा." खरंच, पाना बोल्टवर बसवला की जोर दंडाचा असतो, पण वळण मनगटाचं. आणि त्या पान्याला आम्ही जे रिंच म्हणतो ते मूळचं रेंच, त्याच्याही सुरुवातीला डब्ल्यू-आरच! कार्डावर मात्र हा शब्द नाही. मुलांनी रोज पाहिलेली वस्तू सुटायला नको होती. मी मार्करनं तो खाली लिहून टाकला.

जी-एलच्या कार्डावर ग्लो, ग्लिटर, ग्लीम, सगळे चमकण्याचे शब्द. माय शेजारी वाती वळत होती. "हाई काय शे?" तिनं विचारलं. पोरीनं समजावलं. माय थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, झगमग, झळाळी, झळकणं, झगझगीत. पोरीनं ते चारही शब्द कार्डाच्या मागे लिहून ठेवले. संच छापणाऱ्यांनी अशी मराठी जोड प्रत्येक कार्डावर दिली असती तर काय बहार आली असती!

आता चुका. एस-एनच्या कार्डावर स्नीझ म्हणजे शिंकणं, स्नोअर म्हणजे घोरणं, स्निफ म्हणजे हुंगणं, आणि वर ठळक अक्षरांत 'हे सगळे नाकाचे शब्द'. त्याच यादीत खाली स्नेक आणि स्नो. सापाचा आणि बर्फाचा नाकाशी काय संबंध? पोरीनं दोन दिवस तो शोधला. अक्षरं जुळली म्हणजे अर्थ जुळतोच असं नाही, हे तिथे एका ओळीत सांगायला हवं होतं. जी-एचच्या कार्डावर नाइट, लाइटच्या रांगेत घोस्टही घुसवलाय आणि 'जी-एच मुका' अशी सूचना. नाइटमध्ये जी-एच मुका, बरोबर. घोस्टमध्ये जी चांगला ऐकू येतो, मुका फक्त एच. पोरीला मी ते कार्ड पेननं दुरुस्त करून दिलं.

कागद पातळ आहे. महिन्याभरात कोपरे दुमडले, आणि माझ्या ऑइलच्या हातानं दोन कार्डांवरचे अर्थ पुसट झाले. एवढ्या पैशांत लॅमिनेशन नाही तर निदान जाड पुठ्ठा तरी हवा होता.

तरी पाचवी ते आठवीच्या पोरांसाठी मी हा संच घ्या म्हणेन. के-एन आणि डब्ल्यू-आरचे शब्द पोरगी आता चुकत नाही, पाठ न करता. घेतल्यावर एस-एन आणि जी-एचची कार्डं मात्र आधी आपण वाचा, पेन घेऊन, आणि मगच मुलांच्या हातात द्या.