पायजेडब्ल्यूटी: सही चोख तपासते, बाकीचं सांगावं लागतं

पायथनमध्ये एचएस२५६ने (दोन्ही बाजूंकडे असलेल्या एकाच गुपिताने सही करायची पद्धत) सही केलेलं जेडब्ल्यूटी टोकन, म्हणजे युजरची ओळख वगैरे वाहून नेणारा छोटा मजकूर, तपासायला बहुतेक जण पायजेडब्ल्यूटी ही लायब्ररी घेतात, आणि ते योग्यच आहे. लायब्ररी आटोपशीर आहे. शिवाय सही जुळवताना ती 'कम्पेअर डायजेस्ट' वापरते, त्यामुळे तुलनेला किती वेळ लागला यावरून कुणाला सहीचा अंदाज बांधता येत नाही.

इन्स्टॉल करताना पिपला (पायथनची पॅकेजं टाकणारं साधन) 'पायजेडब्ल्यूटी' हे पूर्ण नाव द्या. इम्पोर्ट नुसतं 'जेडब्ल्यूटी' असं करायचं असतं, म्हणून अनेक जण पिपलाही तेच नाव देतात आणि भलतंच पॅकेज येतं. मग 'एन्कोड' सापडत नाही अशी एरर येते. अशा वेळी दोन्ही पॅकेजं काढा आणि पायजेडब्ल्यूटी पुन्हा टाका.

'डीकोड'ला टोकन, गुपित आणि 'अल्गोरिदम्स'ची यादी द्यायची. डिसेंबर २०२०च्या २.० आवृत्तीपासून ही यादी सक्तीची आहे, आणि या लायब्ररीचा हा सर्वांत शहाणा निर्णय. यादीत फक्त एचएस२५६ लिहा. टोकनच्या हेडरमधलं 'अल्ग' (सहीच्या पद्धतीचं नाव) वाचून ते इथे दिलंत तर तपासणीला अर्थच उरत नाही. हेडर पाठवणाऱ्याच्या हातात असतं.

खटकतं ते पुढे. टोकनमध्ये 'एक्स्प' (मुदत संपण्याची वेळ) असेल तरच मुदत तपासली जाते. नसेल तर ते टोकन कायम चालतं, तक्रार न करता. म्हणून 'ऑप्शन्स'मध्ये 'रिक्वायर' देऊन 'एक्स्प' आणि 'आयएसएस' (टोकन देणाऱ्याचं नाव) मागून घ्या, आणि 'इश्युअर' व 'ऑडियन्स'च्या किमतीही द्या. टोकनमध्ये 'ऑड' (टोकन कुणासाठी आहे ते) आहे आणि तुम्ही 'ऑडियन्स' दिला नाही, तर मात्र ती ठामपणे नकार देते. मुदतीबाबतही हीच कडक वागणूक हवी होती.

गुपिताची लांबी हा दुसरा कच्चा दुवा. आरएफसी ७५१८ या मानकानुसार एचएस२५६ला किमान २५६ बिट, म्हणजे ३२ बाइट लागतात, पण २.१०पर्यंतच्या आवृत्त्या चार-सहा अक्षरांचं गुपितही निमूट घेतात. असं गुपित फोडायला एकच टोकन पुरतं: हॅशकॅट या पासवर्ड फोडायच्या साधनाच्या १६५०० मोडला ते दिलं की अंदाज ऑफलाइन चालतात, सर्व्हरला पत्ताही लागत नाही. 'सीक्रेट्स' मॉड्यूलच्या 'टोकन हेक्स'ला ३२ देऊन गुपित बनवा.

गुपित बरोबर दिसतंय तरी सही जुळत नाही? एक सर्व्हिस गुपित बेस६४मधून (बाइट अक्षरांत लिहायची पद्धत) डीकोड करून वापरतेय आणि दुसरी आहे तसंच, असं बऱ्याचदा असतं. किंवा 'इको'ने फाइलमध्ये लिहिताना शेवटी न्यूलाइन चिकटलेली असते. दोन्हीकडे गुपिताची बाइटमधली लांबी छापून बघा, लगेच कळतं.

नुकतंच बनलेलं टोकन 'इमॅच्युअर सिग्नेचर' म्हणून परत आलं, तर दोन सर्व्हरच्या घड्याळांत फरक आहे. 'लीवे' (वेळेच्या फरकाला दिलेली सूट) मुळात शून्य असतो. १० ते ३० सेकंद पुरेत.

गुपित बदलायची सोय जेमतेम आहे. जुनं आणि नवं दोन्ही चालवायचं असेल, तर हेडरमधला 'किड' (कोणतं गुपित वापरलं त्याची खूण) वाचून योग्य गुपित निवडायचा कोड स्वतः लिहावा लागतो. आणि सामायिक गुपितात जो तपासू शकतो तो टोकन बनवूही शकतो. तपासणारी सर्व्हिस दुसऱ्या टीमकडे असेल तर आरएस२५६ घ्या, त्यात सही करायची आणि तपासायची किल्ली वेगळी असते.

आवृत्ती किमान २.१०.१ ठेवा. २.१०.०मध्ये 'आयएसएस'चा नुसता तुकडा जुळला तरी टोकन पास होत होतं. २.१०पासून 'सब' (टोकन कोणत्या युजरचं आहे ते) स्ट्रिंगच लागतो, त्यामुळे युजरचा आयडी आकडा म्हणून भरणारा जुना कोड अपग्रेडनंतर अडतो. टोकन बनवतानाच त्याची स्ट्रिंग करा.