साहेबांशी बोलायला व्हॉट्सॲप : कुठे कामाला येतं, कुठे अंगाशी येतं

कुपवाड एमआयडीसीतलं मशीन शॉप असो, साखर कारखान्याचं गट ऑफिस असो की साताऱ्यातली पतसंस्था, वरिष्ठांशी होणारं बरंचसं बोलणं आता व्हॉट्सॲपवर होतं. मग हे ॲप साहेबांशी बोलायचं साधन म्हणूनही पारखायला हवं. निकाल आधीच सांगून टाकतो. माहिती पोचवायला उत्तम, मंजुरी घ्यायला कामचलाऊ, मतभेद मांडायला वाईट.

केबिनमध्ये समोर बसलं की साहेबांचा चेहरा दिसतो, आणि बोलता बोलता वाक्य वळवता येतं. फोनवर निदान आवाजाचा अंदाज येतो. मेसेजमध्ये यातलं काहीच नाही. तुमचं वाक्य साहेब कुठल्या अवस्थेत वाचणार हे तुम्हाला माहीत नसतं. गेटवर ट्रक उभा असेल, ऑडिट चालू असेल, शेजारी चेअरमन बसले असतील. साहेबांनी पाठवलेलं 'बघू' म्हणजे बघू. तोच शब्द खालून वर गेला की टाळाटाळ वाटतो. 'हे जमणार नाही' एवढंच लिहिलं तर कारण कितीही खरं असो, वाचणाऱ्याला नकार आधी दिसतो.

म्हणून पहिली कसोटी वाईट बातमीची. इथे व्हॉट्सॲप चांगलं चालतं, पण पहिल्याच मेसेजमध्ये सगळं असेल तरच. हा नमुना बघा (व्हीएमसी म्हणजे धातू कापणारं संगणकावर चालणारं मशीन, स्पिंडल म्हणजे त्याचा फिरणारा दांडा):

'सर, व्हीएमसी 2 च्या स्पिंडलला आवाज येतोय, 10.40 ला मशीन थांबवलं. आजच्या 120 पैकी 70 नग झालेत. उरलेले 50 मशीन 4 वर घेतले तर रात्री 9 पर्यंत होतील, पण तिथलं चालू काम उद्यावर जाईल. तसं करू का? सेटिंग 11.15 पर्यंत सुरू करावं लागेल.'

काय झालं, कधी झालं, काम कुठवर आलंय, पर्याय कोणता आणि त्याची किंमत काय, उत्तर कधीपर्यंत हवं, हे सगळं यात आलं. साहेबांना फक्त हो किंवा नाही म्हणायचंय. पर्यायाची किंमत लिहिणं सगळ्यात महत्त्वाचं. बरेच जण पर्याय सुचवतात आणि त्याने दुसरं काय अडेल ते सांगत नाहीत. मग साहेब हो म्हणतात, संध्याकाळी मशीन 4 चं काम अडलेलं दिसतं, आणि पुढच्या वेळी तुमच्या पर्यायावर विश्वास बसत नाही.

उलट 'सर, एक प्रॉब्लेम झालाय' एवढं पाठवून पुढचं टाइप करत बसणं ही हमखास बिघडणारी पद्धत. नोटिफिकेशनमध्ये तेवढंच दिसतं, साहेब धास्तावून फोन करतात आणि तुमची माहिती अर्धवट असते. नुसतं 'सर' लिहून किंवा 'गुड मॉर्निंग सर' म्हणून उत्तराची वाट पाहणंही तसंच. लॉक स्क्रीनवर पहिली एकदोन वाक्यंच दिसतात, तेव्हा मुद्दा तिथेच यायला हवा. घाईत चूक होत असेल तर व्हॉट्सॲपवर स्वतःच्याच नंबरला मेसेज करता येतो. तिथे लिहा, एकदा वाचा, आणि कॉपी करून साहेबांना पाठवा.

फोटोचं एक तांत्रिक दुखणं आहे. नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की ॲप तो दाबून लहान करतं. कास्टिंगवरची बारीक चीर किंवा व्हाउचरवरची फिकट सही त्यात पुसट होते. साहेब म्हणतात 'मला तर काही दिसत नाही', आणि तुम्ही उगाच कांगावा करताय असं चित्र उभं राहतं. फोटोच्या पडद्यावर वरती एचडीचा पर्याय असतो, तो निवडा, किंवा फोटो डॉक्युमेंट म्हणून जोडा. दोषाशेजारी मोजपट्टी ठेवा आणि फोटोखाली बॅच नंबर लिहा.

आता ग्रुप. अधिकाराचा खरा ताण इथेच जाणवतो, कारण तुमचे साहेब आणि साहेबांचे साहेब एकाच पडद्यावर असतात. साहेबांनी ग्रुपवर चुकीचा आकडा टाकला किंवा न जमणारा आदेश दिला, तर तिथेच दुरुस्ती करू नका. मुद्दा तुमचा बरोबर असेल, पण त्यांच्या वरिष्ठांसमोर तो त्यांच्यावर पडतो आणि मग मुद्दा बाजूला राहून चर्चा मानापमानाची होते. यावर ॲपमध्येच चांगली सोय आहे. तो मेसेज दाबून धरा, मेनूतून 'रिप्लाय प्रायव्हेटली' निवडा. साहेबांशी वैयक्तिक चॅट उघडतं आणि मूळ मेसेज वर दिसतो, त्यामुळे कशाबद्दल बोलताय हे वेगळं सांगावं लागत नाही.

गळीत हंगामातली नेहमीची वेळ घ्या. शेती अधिकाऱ्यांनी ग्रुपवर टाकलं की उद्या ऊसतोड टोळी ओढ्याकडच्या गटात लावा. चिटबॉयला, म्हणजे गावात ऊसनोंदी आणि तोडणी बघणाऱ्या कारखान्याच्या माणसाला, माहीत आहे की तिथे पाणी साचलंय. त्याने खासगीत लिहावं: 'साहेब, उद्याच्या टोळीबद्दल. ओढ्याकडच्या रस्त्याला पाणी आहे, भरलेली ट्रॉली निघणार नाही. वरच्या गटातला ऊस तोडणीला आलाय, टोळी तिकडे लावायची का? तुम्ही सांगाल तसं मुकादमाला कळवतो.' साहेब स्वतः ग्रुपवर बदल टाकतात. आदेश त्यांचाच राहतो, आणि ट्रॉली रुतत नाही. याला अपवाद एकच, जिवाच्या धोक्याचा. तारेत करंट उतरलाय किंवा बॉयलरजवळ गळती आहे, अशा वेळी आधी फोन, मग ग्रुपवर ठळक अक्षरांत. तिथे कुणाच्या मानाचा विचार करायचा नसतो.

या सोयीत एक खड्डा आहे. घाईत 'रिप्लाय' आणि 'रिप्लाय प्रायव्हेटली' यांची अदलाबदल होते आणि खासगी वाक्य ग्रुपवर पडतं. पाठवायच्या आधी वर नाव साहेबांचं आहे की ग्रुपचं, हे बघायची सवय लावा. चुकून गेलंच तर मेसेज 15 मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो, पण त्यावर 'एडिटेड' दिसतं. सगळ्यांसाठी पुसायला साधारण अडीच दिवस मिळतात, पण मेसेज पुसल्याची ओळ तिथे उरते, आणि ग्रुपमध्ये ती ओळ मूळ वाक्यापेक्षा जास्त कुतूहल जागं करते. अशा वेळी साहेबांना लगेच फोन करून काय गेलं होतं ते सरळ सांगणं सगळ्यात बरं.

ग्रुपवर संबोधनही सांभाळावं लागतं. आपल्याकडे साहेब गावचे निघतात, घरी 'दादा' किंवा 'आबा' म्हणतो. खासगी चॅटमध्ये ते चालू द्या. ग्रुपवर मात्र 'साहेब', 'सर', 'मॅडम' असंच लिहा. तिथे जवळीक दाखवली की बाकीच्यांना वशिला दिसतो, आणि त्याचा त्रास साहेबांनाही होतो. साहेबांच्या वरिष्ठांना परस्पर टॅग करणं हे तर सरळ डोक्यावरून जाणं. त्यांनी थेट प्रश्न विचारलाच तर उत्तर द्या, त्यात आपल्या साहेबांचंही नाव घ्या: 'सर, देशमुख साहेबांशी बोलून आकडा 5 पर्यंत टाकतो.'

निळ्या खुणांनी कामापेक्षा मनस्तापच जास्त दिलाय. वाचल्याची खूण बंद ठेवता येते, मात्र मग दुसऱ्याने वाचलं की नाही हे तुम्हालाही दिसत नाही. ग्रुपमध्ये तर ती बंद होतच नाही. मेसेज दाबून 'इन्फो'त गेलं की कुणी किती वाजता वाचलं ते दिसतं. ते बघा, पण साहेबांना कधीच ऐकवू नका. 'सर, तुम्ही 11 लाच वाचलंय' हे वाक्य उलटतपासणीचं आहे. उत्तर आलं नाही तर दुसऱ्या मेसेजमध्ये नवी माहिती द्या: 'सर, मशीन 4 तयार ठेवलंय, 11.15 ला तुमच्या होकारावर सुरू करतो.' तरीही शांतता असेल तर फोन.

अंगठ्याच्या खुणेबद्दल सावध राहा. साहेबांचा अंगठा म्हणजे 'वाचलं' असतो की 'मंजूर', हे त्या खुणेवरून कळत नाही. पैसा, माल किंवा सही यांचा प्रश्न असेल तर अंगठा ही मंजुरी समजू नका. 'सर, म्हणजे मशीन 4 सुरू करतोय' अशी एक ओळ लगेच टाका. साहेबांचा अर्थ वेगळा असेल तर ते तिथेच थांबवतील.

आवाजी मेसेज वरिष्ठांना पाठवूच नका. मीटिंगमध्ये ते ऐकता येत नाहीत, मशीनच्या आवाजात कळत नाहीत, आणि चार दिवसांनी आकडा शोधायचा तर पुन्हा सगळं ऐकावं लागतं. साहेबांनीच दोन मिनिटांचा आवाजी मेसेज पाठवला आणि त्यात चार कामं सांगितली, तर ती चारही लिहून उत्तर द्या आणि शेवटी 'काही राहिलं असेल तर सांगा, सर' एवढं जोडा. साहेबांना त्यात गैर वाटत नाही, उलट त्यांची आठवणही पक्की होते.

मतभेदासाठी मात्र या ॲपचा उपयोग फक्त वेळ मागण्यापुरता. 'सर, नव्या पाळीच्या वेळापत्रकाबद्दल दहा मिनिटं बोलायचं होतं. 3 नंतर येऊ का?' विषय लिहा, म्हणजे साहेबांना अंदाज येतो. मत लिहू नका. केबिनमध्ये दुसरं कुणी बसलं असेल तर 'नंतर येतो' म्हणून परत फिरा. बोलताना आधी आदेशामागचा हेतू मान्य करा, मग अडचण आकड्यात सांगा, मग पर्याय. 'रात्रपाळीत माणसं वाढली तर डिस्पॅच वेळेवर जाईल, हे बरोबर आहे सर. पण सहापैकी तिघे आटपाडीकडून येतात, त्यांना रात्री गाडी नाही. पाळी तासभर अलीकडे घेतली तर तिघेही येतील.' हेच वाक्य व्हॉट्सॲपवर गेलं तर त्यातला 'पण' तेवढा लक्षात राहतो.

तोंडी आदेश हा सगळ्यात नाजूक भाग. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी 1964 चे वर्तणूक नियम आहेत. त्यातला नियम 3 सांगतो की वरिष्ठांचा आदेश साधारणपणे लेखी असावा, आणि तोंडी मिळाला तर कर्मचाऱ्याने लवकरात लवकर लेखी दुजोरा मागावा. तो देणं हे वरिष्ठाचं कर्तव्य मानलंय. खासगी कारखान्यात हा नियम लागू नाही, पण पद्धत उचलण्यासारखी आहे. फोन ठेवल्यावर दहा मिनिटांच्या आत लिहा: 'सर, आत्ता बोलल्याप्रमाणे बॅच 412 आज रवाना करतोय, तपासणी अहवाल उद्या मागून जाईल. काही बदल असेल तर 4 च्या आत कळवा.' लगेच लिहिलं तर ती कामाची नोंद ठरते. गोंधळ झाल्यावर 'तुम्हीच सांगितलं होतं' म्हणून लिहिलं तर तो आरोप होतो. कर्ज, तारण, खरेदी यांच्या मंजुरीला मात्र व्हॉट्सॲप पुरेसं मानू नका. तिथे फाइलवरची टिपणी किंवा मेल हवा. चॅटमध्ये मेसेज आपोआप पुसायची सोय 24 तास, 7 दिवस किंवा 90 दिवसांवर लावलेली असू शकते, तीही तपासून घ्या. आणि केवळ स्क्रीनशॉटवर विसंबू नका. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे कोर्टात पुरावा म्हणून दिलेल्या इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं.

रात्री उशिरा सुचलेला मुद्दा मेलवर लिहावा. जीमेलमध्ये 'शेड्यूल सेंड' करून सकाळी 9 ची वेळ लावता येते, आणि सेटिंगमध्ये पाठवलेला मेल परत घ्यायची मुदत 30 सेकंदांपर्यंत वाढवता येते. डीफॉल्ट 5 सेकंदांचा असतो, आणि चुकीचं नाव लक्षात यायला तेवढा वेळ अपुरा पडतो.

बदली झाली किंवा नोकरी सोडली की ग्रुपमधून कसं निघायचं, हेही सांगायला हवं. आता बाहेर पडल्याचं फक्त ॲडमिनना कळतं, मात्र जुन्या सदस्यांच्या यादीत नाव 60 दिवस दिसत राहतं. ॲडमिन बहुधा साहेबच असतात, म्हणून न सांगता निघाल्याचं आधी त्यांनाच दिसतं. त्याआधी त्यांना वैयक्तिक मेसेज करा, चालू कामांची आणि किल्ल्यांची यादी मेलवर द्या, तुमच्या जागी येणाऱ्याला ग्रुपमध्ये घेतलंय का ते विचारा, आणि मग निघा.