कंदीलपुष्पासाठी पैसा: सरकारी प्रकल्प की छोटं अनुदान?

कंदीलपुष्प (सेरोपेजिया) या रानवनस्पतीचा अभ्यास नि संवर्धन करायचं, तर सरकारी प्रकल्प ऐसपैस असतो: साधारण तीन वर्षं, फेलोचा (संशोधक सहायकाचा) पगार, ऊतिसंवर्धनाची (झाडाच्या तुकड्यापासून रोपं वाढवण्याची) प्रयोगशाळा. पण हप्ता लाल फितीत अडकून पावसाळा हुकला, की वर्ष वाया. सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पाच्या बहुतेक प्रजाती पावसाळ्यातच फुलतात. एरवी कंद जमिनीत दडलेला. फुलाच्या नळीतले खाली वळलेले केस चिलटांना कोंडतात, ते सुकले की परागकण घेऊन चिलटं सुटतात. हे टिपायला महागडं यंत्र नको, कड्यावर मुक्काम हवा. इथे अबू धाबीतल्या मोहम्मद बिन झायेद प्रजाती-संवर्धन निधीचं एकेका प्रजातीसाठीचं, कमाल २५ हजार डॉलरचं अनुदान मला सरस वाटतं. रोपं कड्यावर लावून वर्षानुवर्षं जगवायची, तर मात्र ते तोकडं; तिथे सरकारलाच गाठावं. शिवाय परदेशी पैसा म्हटला, की संस्थेमागे एफसीआरएचं (परदेशी देणग्यांवरच्या कायद्याचं) शुक्लकाष्ठ आलंच.